चवथीला सासूबाईंना गावी न्यावे, की सण इथेच घरी करावा?

डोंबिवलीची_सून

नमस्कार. माझ्या सासूबाई 83 वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यात डावा हात आणि डावा पाय दुबळा झाला आणि त्यानंतर स्मरणशक्तीही हळूहळू कमी होत गेली. आधार दिला तर त्या पलंगावरून खुर्चीत येतात आणि चाकांच्या खुर्चीतून घरभर फिरतात, पण जिना त्यांना जमत नाही. पातळ पाणी पिताना ठसका लागतो, म्हणून पाणी आणि चहा घट्ट करून द्यायला सांगितले आहे, आणि जेवणही मऊ, वाटलेले असते. दिवसा एक ताई त्यांच्याजवळ असतात. रात्री मी आणि माझे यजमान आळीपाळीने उठतो.

आमचे मूळ घर कुडाळ तालुक्यात आहे. थोरले दीर तिथेच राहतात आणि गौरी-गणपती त्याच घरी होतात. आजारी पडेपर्यंत सासूबाईंची एकही चवथ गावाबाहेर गेलेली नव्हती. श्रावण लागल्यापासून त्या रोज संध्याकाळी बेचैन होतात आणि "चवत इली, माका घराक जावचा आसा" असे पुन्हा पुन्हा म्हणतात. हे ऐकून दीर आणि नणंदबाई यांचे म्हणणे पडले की काहीही करून त्यांना या वर्षी गावी आणावे, कारण पुढच्या चवथीला त्या असतील की नाही हे कोणी सांगावे. माझ्या यजमानांचे मन दोन्हीकडे ओढते आहे.

मला स्वतःला प्रवासाची भीती वाटते. पण इथे घरीच थांबायचे तर त्यांच्यासाठी सण कसा करावा, हेही मला नीट समजत नाही. इथे आमच्याकडे गणपती येत नाही. तो या वर्षीपासून आणावा का, आणि एकदा आणला की दरवर्षी आणावाच लागतो असे म्हणतात ते खरे आहे का? भर म्हणजे, आमच्या ताई स्वतः गौरी-गणपतीला आपल्या गावी जाणार आहेत, आणि त्यांनी जाऊ नये असे मी म्हणू शकत नाही, कारण सण त्यांचाही आहे. ज्यांनी घरात अंथरुणाला खिळलेले किंवा विस्मरण झालेले वडीलधारे माणूस असताना सण केला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_परिचारिका

ताई, मी अनेक वर्षे मेंदूविकारांच्या विभागात परिचारिका होते. सासूबाईंना प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी प्रवासाबद्दल निकाल देणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांनीच द्यावा. परंतु तुम्ही जे वर्णन केले आहे त्यावरून माझे मत प्रवास टाळण्याकडे झुकते, आणि त्याचे मुख्य कारण अंतर हे नाही. विस्मरण झालेल्या माणसाला नवी जागा, तुटलेली झोप आणि सतत बदलणारे चेहरे हे तिन्ही एकाच वेळी सोसावे लागले, की त्याचा गोंधळ दोन दिवसांत इतका वाढू शकतो की घरी परतल्यावरही तो लवकर ओसरत नाही. शिवाय ज्याला पातळ पदार्थांचा ठसका लागतो, त्याला चालत्या गाडीत, अर्धवट आडवे बसवून खायला-प्यायला घालणे धोक्याचे असते, कारण तेच अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

"माका घराक जावचा आसा" या वाक्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. विस्मरणाचे रुग्ण दिवस मावळताना "मला घरी जायचे आहे" असे म्हणतात, आणि पुष्कळदा ते स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर बसूनच तसे म्हणत असतात. आमच्या विभागात आलेले कितीतरी रुग्ण जन्मभर ज्या खोलीत राहिले त्याच खोलीत असे म्हणत असत. त्यांना एखादे ठिकाण हवे असते असे दर वेळी नसते; संध्याकाळी मेंदू थकतो, सावल्या लांबतात, आणि त्या वेळी त्यांना हवी असते ती ओळखीची, सुरक्षित वाटणारी स्थिती. म्हणून कुडाळच्या घराच्या दारात नेऊन उभे केले तरी त्या तेच वाक्य म्हणण्याची शक्यता मोठी आहे, आणि हे तुमच्या दिरांना आधीच समजावून सांगितले तर पुढचा मनस्ताप टळेल. त्यांनी तसे म्हटले की "हेच तुमचे घर आहे" असा वाद घालू नये. "घरी चवथीला काय काय करायचात?" असे विचारावे आणि त्यांना बोलू द्यावे.

घरी सण करताना त्यांचा दिनक्रम आधी कागदावर मांडा आणि मग पूजा त्यात बसवा. बहुतेकांची सकाळ बरी असते, म्हणून पूजा, नैवेद्य, पाहुणे हे सारे सकाळी आटोपावे आणि संध्याकाळची आरती दिवेलागणीच्या आधीच, दोन-तीन माणसांत, झांजेविना म्हणावी. उघडझाप करणारी रोषणाई लावू नये, स्थिर प्रकाशाची माळ चालेल. खोलीच्या मधोमध रांगोळी, सतरंजी आणि दिव्यांच्या वायरी नकोत, कारण आधाराने उभ्या राहणाऱ्या माणसाचा पाय त्यातच अडकतो. कापूर, सुपाऱ्या, अक्षता आणि बदाम त्यांच्या हाताशी राहू देऊ नका. विस्मरणात वस्तू तोंडात घातल्या जातात, आणि कापूर पोटात गेला तर विषारी ठरतो.

आणखी एक गोष्ट तपासून पाहा. डाव्या अंगाचा पक्षाघात झालेल्या काही रुग्णांचे डाव्या बाजूचे भानच हरपते. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, डावीकडून आलेल्या माणसाकडे त्या पाहत नाहीत. तसे असेल तर गणपती त्यांच्या खुर्चीच्या उजव्या हाताला, डोळ्यांच्या उंचीवर येईल असा मांडा. नाहीतर सारा वेळ त्या देवासमोर बसतील आणि देव त्यांना दिसणारच नाही.

पाहुण्यांसाठी एकच नियम सांगते, पण तो कटाक्षाने पाळावा. आपल्याकडे आलेला प्रत्येक जण वाकून नमस्कार करतो आणि "ओळखलंत का मला?" असे विचारतो. ज्याची स्मृती गेली आहे त्याच्यासाठी ती परीक्षा असते आणि तो चारचौघांत नापास होतो. दारातच प्रत्येकाला सांगा की आधी स्वतःचे नाव आणि नाते सांगावे, समोर बसावे, हात हातात घ्यावा आणि मग बोलावे.

आवाठातला_माणूस

मी कुडाळ तालुक्यातच राहतो आणि माझे वडीलही अंथरुणाला आहेत, म्हणून गावच्या बाजूने लिहितो. तुमच्या दिरांची माया मला समजते. चवथीला घरातले म्हातारे माणूस माजघरात बसलेले नसेल तर घर भरल्यासारखे वाटत नाही. पण जी माणसे आग्रह करतात, त्यांच्या डोळ्यांसमोर दोन-तीन वर्षांपूर्वीच्या काकी असतात, आणि तुम्ही आणणार आहात त्या काकी वेगळ्या आहेत.

आमच्याकडची जुनी घरे तुम्हाला माहीतच आहेत. खळ्यातून पडवीत चढायला पायऱ्या, प्रत्येक दाराला उंच उंबरठा, न्हाणीघर मागच्या बाजूला आणि तिथवर जाताना पावसाने शेवाळलेली पायवाट. चाकांची खुर्ची त्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात नाही, म्हणजे दिवसाकाठी किती तरी वेळा दोघांनी त्यांना उचलायचे. रात्री भजनाचा फेरा आला की मृदंग आणि झांजा घरात मध्यरात्रीपर्यंत वाजतात, आणि ते बंद करा असे कोणी कोणाला सांगू शकत नाही, सांगूही नये. भाद्रपदातला पाऊस आणि वीज यांचा भरवसा नसतो. हवेची गादी विजेवर चालत असेल तर तोही विचार करा.

आणि सर्वांत मोठी गोष्ट दवाखान्याची. मेंदूत गुठळी होऊन झटका आला तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. आमच्याकडे जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे, पण मोठ्या आजाराला माणसे आजही गोव्यात बांबोळीला नेतात. सणाच्या गर्दीत, आडवाटेच्या वाडीतून, अपरात्री हे अंतर कापण्याची पाळी कोणावर येऊ नये. मुंबई ते कुडाळ रस्ता सुमारे पाचशे किलोमीटर आहे आणि गणपतीच्या आधीचे दोन दिवस महामार्गावर गाड्यांची रांग हलत नाही. रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी सुरू होते आणि काही मिनिटांत भरते. तिकीट मिळालेच तरी कुडाळला गाडी थांबते त्या मोजक्या मिनिटांत चाकांची खुर्ची आणि सामान उतरवणे सोपे नाही.

त्याऐवजी गाव तुमच्याकडे येऊ शकते. तुमच्या दिरांना सांगा की चवथीच्या आदल्या दिवशी मुंबईकडे निघणाऱ्या कोणाच्या तरी हाती माटवीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळा-पानांच्या आराशीचे, सामान पाठवा: कवंडळे, कांगण्या, हरणे, शेरवड, आंब्याचे टाळ, सुपारीचा एक घड आणि असोला नारळ. सगळे चाकरमानी त्या दिवसांत गावाकडे येत असतात, त्यामुळे उलट दिशेची गाडी रिकामी असते आणि सामान आणणारा माणूसही सहज मिळतो. छताला मोठी माटवी बांधायची गरज नाही. एका काठीला हे बांधून देवावर टांगले तरी तो ओला, रानाचा वास खोलीत भरतो, आणि माझ्या वडिलांच्या बाबतीत मी पाहिले आहे की नावे विसरलेला माणूस त्या वासाने मान वर करून वर टांगलेल्या वस्तू एकेक करून पाहू लागतो. मात्र कवंडळ दिसायला तांबडेलाल आणि मोहक असले तरी ते खाण्याचे फळ नाही, म्हणून परिचारिकाताईंनी सुपारीबद्दल जे लिहिले तेच त्यालाही लागू आहे: ते हात पोहोचणार नाही अशा उंचीवर टांगा.

पूजा_सांगणारे_काका

मी पौरोहित्य करतो. आपले दोन प्रश्न माझ्या विषयातले आहेत, तेवढ्यांचेच उत्तर देतो.

भाद्रपद शुद्ध चतुर्थीचे पार्थिव गणेशपूजन हे मुळात त्या एका दिवसाचे व्रत आहे. दीड, पाच, सात किंवा दहा दिवस मूर्ती ठेवणे हा त्या त्या घराण्याचा आचार आहे, आणि अडचण असल्यास ते दिवस कमी करण्यास बाधा नाही. भाऊ विभक्त असतील, चूल वेगळी असेल, तर प्रत्येकाने आपल्या घरी पूजन करणे योग्यच आहे. एका वर्षी मूर्ती आणली म्हणून दरवर्षी आणलीच पाहिजे, न आणल्यास अरिष्ट येईल, ही समजूत भीतीपोटी रूढ झाली आहे. तिला मी आधार मानत नाही. परंतु आपल्या घरात जे मनुष्यबळ आहे ते पाहता मी आपणास नवी मूर्ती आणा असे सुचवणार नाही. देव्हाऱ्यातील गणपती ताम्हनात घ्यावा किंवा तांदळावर सुपारी मांडावी, आणि गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य असे पंचोपचार करावेत. षोडशोपचारांचा हट्ट धरू नये. गणेशपूजनाचा मुख्य काळ मध्याह्न असला तरी सकाळपासून मध्याह्नापर्यंत केव्हाही पूजा करता येते, तेव्हा मातोश्रींची जी वेळ बरी, ती आपली वेळ.

आपण विचारले नाही, पण हा प्रश्न घरोघरी मला हळू आवाजात विचारला जातो, म्हणून लिहितो. आजारी माणसाला डायपर असतो, लघवीची नळी असते, स्नान रोज होत नाही, मग त्याला देवाजवळ कसे आणावे, असा संकोच नातेवाईकांना वाटतो आणि त्या माणसाला आतल्या खोलीत ठेवून बाहेर पूजा उरकली जाते. आजार हे अशौच नाही. "आतुरे नियमो नास्ति" असे वचनच आहे. रुग्णाला नियमांचे बंधन नाही. अंग पुसून, स्वच्छ लुगडे किंवा गाऊन घालून त्यांना देवासमोर आणावे, पहिले फूल त्यांच्या हातून वाहावे, आणि तीर्थ पिणे धोक्याचे असेल तर ते डोळ्यांना लावावे. कोणी नातेवाईक सोवळ्याची हरकत घेतील, तर मला विचारायला सांगा असे म्हणण्याचा अधिकार आपणास मी देतो.

मिठाबंदरची_लेक

मी थोडे वेगळे मत मांडते, कारण वरचे सगळे वाचून कोणाला असे वाटू नये की म्हाताऱ्या माणसाला गावी नेणे हे नेहमीच चूक आहे. माझ्या आईला विस्मरण आहे, पण ती स्वतःच्या पायांनी चालते, सगळे खाते, रात्री झोपते. तिला आम्ही डॉक्टरांना विचारून, चतुर्थीच्या आधी पुष्कळ दिवस, रस्ता मोकळा असताना, वाटेत मुक्काम करून नेले, आणि सणानंतरही लगेच न परतता ती तिथेच राहिली. तिला ते मानवले. तेव्हा निर्णय विस्मरणावरून करू नये. चालणे, गिळणे, झोप आणि जवळचा दवाखाना या चार गोष्टींवरून करावा. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत चारही गोष्टी विरुद्ध जातात, म्हणून मीही तुम्हाला नेऊ नका असेच सांगेन.

पण सुपारीवर पूजा करा हे काकांचे मत मला पूर्ण पटत नाही. ज्या बाईने जन्मभर गणपती पाटावरून डोक्यावर घेऊन आलेला पाहिला आहे, तिला ताम्हनातला बोटभर गणपती म्हणजे चवथ आहे हे कदाचित जाणवणारच नाही. शाडूची वीतभर मूर्ती आणा आणि दीड दिवस ठेवा. शाडू असल्यामुळे विसर्जन घरातल्या बादलीत होते, काही तासांत मूर्ती विरघळते आणि ती माती कुंडीत जाते. घर सोडून कोणालाही बाहेर जावे लागत नाही. प्लॅस्टरची मूर्ती मात्र आणू नका. ती घरी विरघळवायला अमोनियम बायकार्बोनेट वापरतात आणि त्याचा उग्र वास बंद फ्लॅटमध्ये आजारी माणसाला सोसणार नाही.

त्यांना नुसते पाहायला बसवू नका, काम द्या. स्मृती गेली तरी हातांना वळण लागलेली कामे फार उशिरापर्यंत टिकतात. माझी आई माझे नाव चुकते, पण कापूस हातात दिला की सरकी काढून, पिंजून, मांडीवर वात वळते आणि झालेली वात सरळ धरून तिचे टोक तपासते. तुमच्या सासूबाईंचा उजवा हात चांगला आहे. दूर्वांचा ढीग त्यांच्यासमोर ताटात ठेवा आणि त्यातून तीन पात्यांची दूर्वा निवडायला सांगा. एकवीस झाल्या की नाही हे तुम्ही मोजा. चुकीची पाती आली तरी त्यांच्यासमोर ती बाजूला काढू नका. आरत्यांचेही तसेच. संथ लयीत, त्यांच्या पट्टीत सुरू करा आणि मध्ये थांबून पाहा, पुढचा शब्द त्या उचलतात का.

आणि ताई, दिरांशी बोलताना "आम्ही येणार नाही" असे म्हणून थांबू नका. "शेवटची चवथ" या शब्दांमागे त्यांना आईजवळ बसायचे आहे, एवढेच आहे. मग गौरी-गणपतींचे विसर्जन झाल्यावर त्यांनी प्रसाद घेऊन चार दिवस डोंबिवलीला येऊन राहावे, म्हणजे त्यांना आई भेटेल आणि तुम्हा दोघांना सलग रात्रभर झोप मिळेल. नणंदबाई चवथीचे दोन दिवस तुमच्याकडे राहू शकतील का, हेही स्पष्ट विचारा. आईला आणा म्हणणाऱ्यांनी आईकडे यावे, हे मागणे मुळीच गैर नाही. सण करणाऱ्या घरात आजारी माणूस महत्त्वाचा असतोच, पण सून आणि नातवंडेही त्याच घरातली आहेत; पूजेला बसायला तुम्हाला स्वतःला अर्धा तास मोकळा मिळेल याची व्यवस्था आधी करा.

निवृत्त_परिचारिका

वरचे वाचून खाण्याबद्दल लिहायचे राहिले हे लक्षात आले, आणि सणात खरा धोका तिथेच असतो, कारण कोणीतरी मायेने "एवढासा प्रसाद" तोंडात घालतो.

उकडीचा मोदक आख्खा देऊ नये. उकड चिकट असते, ती टाळूला बसते आणि घशात गोळा होऊन अडकते. त्याऐवजी आतले सारण बारीक वाटून, नारळाच्या दाट दुधात शिजवून चमच्याने द्यावे. चव मोदकाचीच राहते. शेवयांच्या पातळ खिरीत दूध वेगळे आणि शेवया वेगळ्या असतात, आणि असे मिश्र पदार्थ गिळायला सर्वांत अवघड असतात, म्हणून खीर द्यायची तर ती वाटून, गाळून, एकसारखी दाट करावी. पंचामृत पातळ असते, ते टाळावे. खिरापत, पंचखाद्य आणि साखरफुटाणे मुळीच नकोत. तुमच्याकडे काळ्या वाटाण्याचे सांबार होत असेल तर वाटाणे शिजवून, वाटून, साले गाळून टाकावीत आणि वाटपाचा तोच मसाला घालून ते मऊ भाताशी कालवून द्यावे. भरवताना त्यांना खुर्चीत सरळ बसवावे, एक घास पूर्ण गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यावा आणि जेवणानंतर किमान अर्धा तास आडवे करू नये. जेवताना आरती, दूरदर्शन आणि गप्पा बंद असाव्यात.

मधुमेह असेल तर गोडाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉम चालू असेल, तर अळू आणि इतर पालेभाज्यांचे प्रमाण सणाच्या दिवसांत एकदम वाढवू नये, कारण त्यांतील क जीवनसत्त्व नव्हे, तर के जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध काम करते. गोळ्यांची वेळ नैवेद्यासाठी पुढे ढकलू नये. उपास त्यांना घडवू नयेच.

डोंबिवलीची_सून

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री दिरांशी आणि नणंदबाईंशी फोनवर सविस्तर बोलणे झाले. आवाठातील दादांनी लिहिलेला दवाखान्याचा मुद्दा दिरांना लगेच पटला, कारण गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीतील एका रुग्णाला हलवताना काय धावपळ झाली ते त्यांनी स्वतः पाहिले होते. नणंदबाईंना वाईट वाटले, पण त्या चवथीला दोन दिवस इकडे येण्यास तयार झाल्या आहेत, आणि दीर विसर्जनानंतर येतील. आम्ही वीतभर शाडूची मूर्ती दीड दिवसासाठी आणणार आहोत. काकांच्या उत्तरातील सोवळ्याचा भाग मी यजमानांना वाचून दाखवला, कारण तोच संकोच आमच्याही मनात होता आणि दोघांपैकी कोणीही तो उघड बोलत नव्हते.

डाव्या बाजूचे मी आज मुद्दाम पाहिले. ताटात डावीकडे ठेवलेले केळीचे शिकरण तसेच राहिले होते. ताट फिरवल्यावर त्यांनी ते सगळे खाल्ले. आजवर आम्हाला वाटत होते की त्यांना ते आवडेनासे झाले आहे.

दोन शंका उरल्या आहेत. आमच्या ताई रजेवर असताना ब्युरोतून बदली बाई घ्यावी लागेल, आणि त्यांनी या दिवसांसाठी जवळजवळ दुप्पट पैसे सांगितले आहेत. नवख्या बाईकडे सासूबाईंना सोपवताना काय काळजी घ्यावी? आणि आमच्या सोसायटीचा गणपती बरोबर आमच्या खिडकीखाली बसतो, त्याचा ध्वनिक्षेपक दिवसभर चालू असतो, त्याचे काय करावे?

आवाठातला_माणूस

ध्वनिक्षेपकाबद्दल मंडळाच्या मुलांशी आत्ताच, मांडव घालण्यापूर्वी, बोला. कर्णे तुमच्या खिडकीकडे तोंड करून न लावता विरुद्ध बाजूला लावणे त्यांना या टप्प्यावर सोपे असते. नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा असतो. मात्र शासन वर्षातले काही ठरावीक दिवस रात्री 12 वाजेपर्यंत मुभा देते, आणि त्यांत गणपतीचे काही दिवस असतात, हे लक्षात ठेवा. मुलांना घरी बोलावून काकींची भेट घालून द्या, मग नियम काढून दाखवायची वेळ बहुधा येणार नाही. काकींची खोली त्या दिवसांपुरती मागच्या बाजूला हलवावी असे मनात येईल, पण परिचारिकाताईंनी वर लिहिलेच आहे की नवी जागा त्यांना त्रासदायक ठरते.

माटवीचे सामान दिरांना जमत नसेल तर मला येथेच कळवा, आमच्या वाडीतून मुंबईला जाणारा कोणी तरी निघेलच.

निवृत्त_परिचारिका

बदली बाई सण सुरू झाल्यावर आणू नका. तुमच्या नेहमीच्या ताई जाण्यापूर्वी दोन-तीन दिवस दोघींना एकत्र ठेवा, त्याचे जादा पैसे पडले तरी चालतील. पलंगावरून खुर्चीत घेताना कोणत्या बाजूने धरायचे, दुबळ्या हाताला कधीही ओढायचे नाही, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची आणि पाणी किती घट्ट करायचे, हे बघून शिकण्याचे काम आहे, सांगून कळत नाही. सासूबाई मालवणी बोलतात, तेव्हा लघवी, पाणी, दुखणे यांसाठी त्या कोणते शब्द वापरतात तेही नव्या बाईंना सांगा. नाहीतर त्या मागत राहतील आणि बाईंना समजणार नाही.

पलंगाजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक कागद लावा. त्यावर गोळ्यांच्या वेळा, काय खायला द्यायचे नाही, तुम्हा दोघांचे आणि डॉक्टरांचे दूरध्वनी, रुग्णवाहिकेसाठी 108, आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयाचे नाव लिहा. त्याखाली ठळक लिहा की तोंड एका बाजूला वाकडे झाले, नव्याने हात पडला किंवा बोलणे अडखळले, तर घड्याळ पाहून वेळ टिपायची, तोंडात पाणी किंवा तीर्थ घालायचे नाही आणि पूजा चालू असली तरी ताबडतोब हाक मारायची. हे शेवटचे वाक्य नणंदबाईंनाही वाचायला द्या, कारण सोवळ्यात बसलेल्या माणसाला हाक मारायला बाहेरची बाई बिचकते.